प्रिसिजन एम६८०० चं ग्राफिक्स कार्ड बदलायचंय, के५१००एम घेऊ का?

रेंडरवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे डेलचा प्रिसिजन एम६८०० आहे, कंपनीच्या लॉटमधून निघालेला सेकंडहँड, आय७-४८१०एमक्यू, ३२ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली, ग्राफिक्स क्वाड्रो के३१००एम ४ जीबी. काम इंटीरियरचे थ्रीडी व्ह्यू, स्केचअप आणि ब्लेंडर. क्लायंट रात्री अकराला मेसेज टाकतो की लाइट जरा वॉर्म करा, की झालं, परत सगळे व्ह्यू रेंडरला लावायचे आणि मशीन रडत बसतं. इथला दुकानदार म्हणतो लॅपटॉपचं ग्राफिक्स बदलताच येत नाही साहेब, नवीनच घ्या. पण मित्र म्हणतो या मॉडेलमध्ये कार्ड सुटं असतं. ऑनलाइन के५१००एम ८ जीबी स्वस्तात दिसतंय. घेऊन टाकू का?

खटपट्या:
मित्र बरोबर बोलतोय आणि दुकानदारही पूर्ण चूक नाही, कारण बहुतेक लॅपटॉपांत चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते. एम६८०० मध्ये मात्र एमएक्सएम ३.० चा (लॅपटॉपच्या सुट्या ग्राफिक्स कार्डांचा) स्लॉट आहे, टाइप बी, म्हणजे ८२ बाय १०५ मिमीचं कार्ड, साधारण १०० वॅटपर्यंत. तुझं के३१००एम ७५ वॅटचं आहे.
पण के५१००एम घेऊ नकोस रे. कोअर दुप्पट आहेत, ७६८ चे १५३६, मेमरीही दुप्पट, सगळं खरं, पण तेही केप्लरच, म्हणजे एनव्हिडियाची तुझ्या कार्डासारखीच जुनी चिप-पिढी. एनव्हिडियाने केप्लरला ४७० च्या पुढचे ड्रायव्हर दिलेच नाहीत, सिक्युरिटी अपडेटही २०२४ मध्ये बंद झाले. ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्सचा (एनव्हिडिया कार्डावर वेगाने रेंडर करायचा) पर्याय मॅक्सवेल, म्हणजे केप्लरनंतरच्या पिढीपासून पुढेच चालतो, तुला तो दिसणारच नाही. स्वस्त का मिळतंय ते यावरून समजून घे. खर्च करायचाच असेल तर क्वाड्रो एम५०००एम बघ, ८ जीबी, मॅक्सवेल, प्रिसिजन ७७१० मध्ये यायचं.

जुनं_विका:
माझं मत विचाराल तर काहीच घेऊ नका. चौथ्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि मॅक्सवेलचं तरी काय, ५८० च्या ड्रायव्हरवर त्याचंही दुकान बंद. आहे त्या किमतीला मशीन काढा, वर थोडे घालून आरटीएक्सवाला (एनव्हिडियाच्या नव्या पिढीच्या कार्डाचा) जुना लॅपटॉप घ्या.

खटपट्या:
@जुनं_विका ते ठीक, पण "वर थोडे" म्हणजे किती ते पण लिहा की राव. आरटीएक्सचा धड लॅपटॉप आणि एक सेकंडहँड कार्ड यात किती फरक पडतो ते सगळ्यांना माहितीये. ज्याचं पोट रोज रेंडरवर आहे त्याने नवीन घ्यावं हे मलाही पटतं, पण वर्ष दीड वर्ष ढकलायचं असेल तर कार्ड बदलण्यात काही वाईट नाही.

रेंडरवाला_नाशिक:
धन्यवाद दोघांनाही. सध्या नवीन परवडणार नाही, वर्षभर तरी हाच चालवायचाय. मग एम५०००एम घेतलं तर काढलं-लावलं की झालं ना? आणि एक्स्प्रेसकार्डच्या स्लॉटला बाहेरून डेस्कटॉपचं कार्ड लावतात म्हणे, त्याचं काय?

सोल्डरताई:
दादा, काढलं-लावलं इतकं सोपं नाही, मी दुकानात हेच करते म्हणून सांगते. आधी कार्ड न मागवता तीन-चार गोष्टी बघून घ्या.

अ‍ॅडॅप्टर. या मशीनला २४० वॅटचा लागतो, लॉटमधल्या मशीनबरोबर बरेचदा १८० चा हातात देतात. बायोसमध्ये अ‍ॅडॅप्टर किती वॅटचा ओळखला ते लिहून येतं (बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणारी मशीनची सेटिंग), तिथे कमी दिसलं तर आधी तो बदला, नाहीतर १०० वॅटचं कार्ड लावून प्रोसेसरच हळू चालेल.

हीटसिंक. म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग. एएमडीच्या फायरप्रो कार्डाचं आणि क्वाड्रोचं हीटसिंक वेगळं, तुमचं क्वाड्रोचंच आहे म्हणून बरं. पण नव्या कार्डावर मेमरीच्या चिप कुठे बसल्यात ते फोटोत नीट बघा, थर्मल पॅड जुन्या जागेवरून आपोआप पुरे पडत नाहीत. पॅड ०.५ आणि १ मिमी दोन्ही जवळ ठेवा. चिपवर पेस्ट लावून हलक्या हाताने हीटसिंक दाबा आणि परत उचलून ठसा बघा, एका कोपऱ्यात पेस्ट जाड राहिली असेल तर पॅड जाड झालाय, तिथेच लोक फसतात आणि मग कार्ड गरम होतं म्हणून ओरडतात.

बायोसमध्ये विंडोज यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) मोडवर आहे का बघा. लेगसीवर, म्हणजे जुन्या पद्धतीवर असेल तर नव्या कार्डाबरोबर स्क्रीन काळी राहू शकते. स्विचेबल ग्राफिक्स (प्रोसेसरमधलं इंटेलचं आणि वेगळं कार्ड, दोन्ही वापरायची सोय) चालू ठेवा, म्हणजे निदान इंटेलवर तरी चित्र येईल.

ड्रायव्हर टाकताना "सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही" असं आलं तर घाबरू नका, आयएनएफ फाइलमध्ये (ड्रायव्हर कुठल्या कार्डांना चालतो त्याची यादी) कार्डाचा हार्डवेअर आयडी घालून सिग्नेचरची तपासणी बंद करून टाकावं लागतं. कार्ड घेताना डेलचंच मागा, एचपीच्या मशीनमधून निघालेल्याचा व्हीबायोस (कार्डातलं स्वतःचं सॉफ्टवेअर) वेगळा असतो. पंखा कार्डाच्या तापमानाकडे लक्ष देत नसेल तर एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्रॅममधून हाताने वेग ठरवता येतो.

एक्स्प्रेसकार्डचं म्हणाल तर तिथे पीसीआय एक्स्प्रेसची (कार्ड आणि मशीनमधल्या जोडणीची) एकच लेन मिळते, म्हणजे डेटा हळू जातो. ब्लेंडरमध्ये सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की त्याचं फारसं काही वाटत नाही, पण व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करतानाचं थ्रीडी दृश्य, फिरवायला बसलात तर चिडाल. शिवाय टेबलावर वेगळा एसएमपीएस (डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय) आणि उघडं कार्ड, घरात लहान मूल असेल तर नकोच.

रेंडरवाला_नाशिक:
ताई, आत्ता बायोसमध्ये बघितलं, अ‍ॅडॅप्टर १८० दाखवतोय 😅 आणि विंडोज लेगसीवर आहे. यूईएफआय करायला सगळं फॉरमॅट करावं लागेल का?

सोल्डरताई:
नाही, एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल विंडोज १० मध्येच आहे, त्याने डिस्क फॉरमॅट न करता बदलते, बॅकअप मात्र आधी घ्याच. २४० चा अ‍ॅडॅप्टर तपकीर गल्लीत जुना मिळून जाईल, पुण्याला चक्कर झाली तर. घेताना मशीन सोबत न्या, बायोस उघडून वॅट वाचा आणि मगच पैसे द्या.