मदत हवी आहे: पोस्टरवर वेलांटी उलट्या बाजूला जातेय आणि शिरोरेघ तुटतेय

अर्धविराम
चार पोस्टरांचा संच द्यायचा आहे. प्रत्येकावर एक शब्द, एक तत्त्व: तोल, लय, विरोध, उतरंड (म्हणजे आधी काय वाचलं जावं, नंतर काय, तो क्रम). चित्र चालणार नाही, फक्त अक्षरं. 'विरोध'ची पहिली वेलांटी व च्या नंतर पडतेय आणि 'लय' ताणला की तुटतो. फॉन्ट बदलून पाहिले, फरक नाही. परवा सबमिशन आहे, लवकर सांगा.

निळी_शाई
सॉफ्टवेअर कोणतं? फॉन्ट कोणता? मजकूर तिथेच टाइप केला की कुठून पेस्ट केला? 'ताणला' म्हणजे अक्षरांची रुंदी वाढवली की ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच सांगतील.

पायमोड
इंकस्केप हे सॉफ्टवेअर घ्या. तिथे देवनागरी काहीही सेट न करता नीट जुळते. वेलांटीचा प्रश्न लगेच संपेल.

खिळेजुळारी
@पायमोड, वेलांटीचा संपेल, छपाईचा सुरू होईल. पीडीएफ आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) निघाली की काळी अक्षरं छपाईच्या चारही शाईंच्या प्लेटांवर जातात आणि प्लेट किंचित सरकली तरी बारीक मजकुराला रंगीत कड येते. नुसता के १००, म्हणजे फक्त काळी शाई, हवा.

पायमोड
विद्यार्थ्याचं काम डिजिटल प्रिंटवर जाणार. तिथे कुठल्या प्लेटा?

अर्धविराम
इलस्ट्रेटर. फॉन्ट मुक्ता. ताणला म्हणजे ट्रॅकिंग ८०.

खिळेजुळारी
मग फॉन्टचा दोष नाही. प्रेफरन्सेस, टाइप, तिथे 'शो इंडिक ऑप्शन्स'वर टिक करा. मग मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कम्पोझर (अक्षरं जुळवणारी सोय) लावा. नुसती टिक पुरत नाही: आधीच्या चौकटी जुन्याच कम्पोझरवर राहतात, आणि त्यांची कॉपी केली की तो कॉपीतही जातो. म्हणून सगळं सिलेक्ट करून एकदम बदला.

ट्रॅकिंग मात्र शून्यावर आणा. देवनागरी फॉन्टात शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींना भिडतील अशा बेतलेल्या असतात. ट्रॅकिंग एमच्या (फॉन्टच्या आकाराइतकं माप) हजाराव्या भागात मोजतात, म्हणजे २०० पॉइंटच्या अक्षरात ८० म्हणजे १६ पॉइंटची फट. अंतर हवंच असेल तर शब्दाची एक प्रत लपवलेल्या लेयरवर ठेवा, दुसरीचे आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार बनवा (कंट्रोल शिफ्ट ओ), अनग्रुप करून अक्षरं सरकवा, रेघेच्या जाडीचा आयत फटीत बसवा आणि पाथफाइंडरमधून युनाइट करा. युनाइट विसरलात आणि बाहेरून स्ट्रोक दिलात तर प्रत्येक सांध्यावर उभी रेष दिसेल.

बोरू
रेघ तुटू नये हा नियम मजकुरासाठी आहे. 'लय' पोस्टरवर रेघ तोडणं हीच तर कल्पना होऊ शकते! शब्द ओळीत परत परत लिहा आणि फटी वाढत जाऊ देत, ४, ८, १६, ३२ मिलिमीटर. डोळा त्या फटींवरूनच पुढे जातो. मोडीत आधी पानभर रेघ ओढून मग अक्षरं लिहीत, तिथे रेघ अक्षराची नसून ओळीची असते. हा फरक समजून घेतला तर चारही पोस्टरांना वेगळी दिशा मिळेल. सुलेखनकार र. कृ. जोशी यांचं काम जरूर पाहा. मंगल हा फॉन्ट त्यांचाच, पण त्यांची अक्षरचित्रं त्याहून कितीतरी मोकळी आहेत.

खिळेजुळारी
तोडायला हरकत नाही, पण ती तोडलेली दिसली पाहिजे. एक-दोन पॉइंटची फट सरळ चूक वाटते. निदान रेघेच्या जाडीइतकी तरी ठेवा.

कडा_मिमी
ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ३ मिमी, मजकूर कडेपासून १० मिमी आत. ए३ म्हणजे २९७ बाय ४२०, ब्लीडसकट ३०३ बाय ४२६.

अर्धविराम
वेलांटी जागेवर आली! पण सर म्हणाले 'उतरंड दिसत नाही'. खालच्या परिच्छेदात तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं आहेत.

निळी_शाई
परिच्छेद आहे हे आत्ता कळतंय. तो कुठल्या फाइलमधून आला?

अर्धविराम
जुन्या वर्ड फाइलमधून. श्री-लिपी या जुन्या फॉन्टात होता.

निळी_शाई
तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण संकेतपद्धत) नाही. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी तुकडे बसवलेले असतात, म्हणून मुक्ता लावला की चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढा आणि मग शब्दन् शब्द वाचा, जोडाक्षरं तिथेच बिघडतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं असेल तर नुक्त्याचा ऱ घालून पाय मोडा, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो ऱ शिफ्ट जे.

उतरंडीबद्दल: तिन्ही पातळ्यांचे आकार किती?

अर्धविराम
४८, ३६, २८.

निळी_शाई
फारच जवळ आहेत. २४०, ४८, १४ करून पाहा. आणि एका पातळीला एकच फरक द्या. आकार, वजन, रंग तिन्ही एकदम बदलले की डोळा कशावर ठरत नाही. पोस्टर ५ सेंटिमीटर उंचीचं करून बघा, पहिला शब्द वाचता आला आणि दुसरी पातळी नुसता करडा पट्टा दिसली की जमलं.

बोरू
२४० कशाला? कोऱ्या जागेत ३६ सुद्धा पहिला वाचला जातो. भोवती किती मोकळं सोडलंय ते आधी पाहा.

निळी_शाई
खरं आहे, पण त्यासाठी बाकी दोन पातळ्या कोपऱ्यात घट्ट बसवाव्या लागतील. अर्धविराम, दोन्ही छापून भिंतीवर लावा आणि लांबून बघा.

खिळेजुळारी
१४ च्या परिच्छेदाला ऑटो लेडिंग (ओळींमधलं आपोआप ठरणारं अंतर) ठेवू नका, ते १२० टक्के असतं, म्हणजे १६.८. वरच्या ओळीतला 'ट्टू' खालच्या 'र्षां'ला भिडेल. २० पासून सुरू करा.