कारखान्यात बनलेल्या रामेन नूडल्सना पारंपरिक म्हणायचं का?

एडिसनकर
मंडळी, इथल्या जपानी दुकानातून मी 'सन नूडल'चं ताज्या नूडल्सचं पाकीट आणतो. शोधाशोध केल्यावर कळलं की हा घरचा धंदा आहे, हवाईत सुरू झालेला, आणि इकडे न्यू जर्सीतही त्यांचा कारखाना आहे. आता सांगा, जिथे पोत्यांनी पीठ रिचवलं जातं तिथल्या मालाला पारंपरिक कसं म्हणायचं? विचारण्यामागे थोडा स्वार्थही आहे. चुलतभाऊ पुण्यात रामेनची छोटी जागा काढतोय आणि 'नूडल्स मी स्वतः हाताने करणार' म्हणून हटून बसलाय. मीही घरी मैद्याच्या करून पाहिल्या तर सूपमध्ये पडल्या पडल्या लगदा झाला.

भटक्या खवय्या
हाताची सर मशीनला नाही. मशीनची ती मॅगी. बाकी चालू द्या.

सानोवासी
भटक्या, हाताने ओढून करतात ती चीनमधली लामियान. जपानी रामेन सहसा लाटून कापतात.

मी जपानात तोचिगी प्रांतात सानोला राहते आणि एका घरगुती नूडल कारखान्यात माल तपासायचं काम करते. (नाव विचारू नका. मालकीणबाईंना मराठी येत नाही, पण त्यांचा जावई फोनवर सगळं भाषांतर करून वाचतो.) आमच्या सानोत आजही काही दुकानांत हिरव्या बांबूने पीठ लाटतात. बांबूचं एक टोक अडकवायचं, दुसऱ्या टोकावर एक मांडी टाकून उड्या मारत कणीक दाबत जायची. नूडल्स रुंद, जराशा वेड्यावाकड्या, पाणी धरून ठेवणाऱ्या. खायला झकास! पण त्यातून एका दुकानापुरता माल निघतो, आणि तोही करणाऱ्याची कंबर शाबूत असेपर्यंत.

जपानात बहुसंख्य रामेनवाले नूडल्स स्वतः करतच नाहीत, सेइमेनजो म्हणजे नूडलच्या कारखान्यातून घेतात. पीठ लाटून कापणारं यंत्र सागा प्रांतातल्या मासाकी नावाच्या गृहस्थांनी १८८३ साली काढलं. टोकियोत रामेन लोकांच्या तोंडी बसवणारं आसाकुसा भागातलं रायराइकेन हे दुकान सुरू झालं १९१० साली. तेव्हा यंत्राने परंपरा बाटली हे मला पटत नाही, यंत्र तर आधीपासून घरातच आहे.

तुमच्या 'सन नूडल'चे संस्थापक उकी आमच्या तोचिगीचेच. इकडे वडिलांचा नूडलचा धंदा होता. हिदेहितो उकी १९८१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी होनोलुलूला गेले. लॉस एंजेलिसचा कारखाना २००४ चा, न्यू जर्सीचा २०१२ चा. आता मुलगी हिसाए आणि मुलगा केनशिरो धंदा बघतात. त्यांचं नाव झालं ते नुसत्या ढिगाने माल काढण्यामुळे नाही, तर ज्याचं जसं सूप त्याला तशी नूडल करून देण्यामुळे. आणि चांगल्या सेइमेनजोचं खरं काम तेच.

आमच्याकडेही नवा दुकानदार आला की आधी त्याचं सूप चाखतात. दक्षिण जपानातल्या हाकाताचं डुकराच्या हाडांचं दाट सूप असेल तर बारीक नूडल, किलोभर पिठाला पाणी जेमतेम ३०० ग्रॅम. ती झटकन शिजते आणि झटकन मऊही पडते, म्हणून तिकडे थोडी थोडी देतात आणि वर काएदामा, म्हणजे नूडलचा दुसरा वाढा. पातळ शोयू (सोया सॉसच्या) सूपाला जास्त पाण्याची, चावायला गुबगुबीत नूडल चालते. जाडी यंत्रातल्या कापणाऱ्या सुरीच्या नंबरावर ठरते. ३० मिलिमीटरला नंबराने भागा: २० नंबर म्हणजे दीड मिमी. हाकाताला २६ च्या आसपास.

एडिसनकर
वा, ताई! पण लगदा का झाला?

सानोवासी
दोन कारणं दिसतात. एक, तुम्ही पोळीसारखी कणीक भिजवली असणार. मिक्सरमधून आमचं पीठ निघतं ते सुटं, बारीक खड्यांचं. मुठीत दाबलं की मुटका होतो, बोटाने ढकलला की फुटतो. नवखा माणूस ते बघून हमखास आणखी पाणी ओततो, मग ओरडा खातो. त्याचा पट्टा करायचा, दोन पट्टे एकावर एक ठेवून पुन्हा रुळांतून काढायचे, गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये मुरू द्यायची, मगच पातळ करून कापायची. हिवाळ्यात पीठ कोरडं असतं, पावसाळी जूनमध्ये हवा ओली, त्यामुळे पाणी रोज बदलावं लागतं. इतकी यंत्रं असूनही सकाळी मालकीणबाई मूठ भरून बघतात आणि 'दोनशे ग्रॅम कमी' म्हणतात. काटा त्यानंतर.

दुसरं, कानसुई घातलं नव्हतंत. सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा क्षार, पिठाच्या साधारण एक टक्का, मिठासोबत पाण्यात विरघळवून. त्याने नूडलला ताण येतो आणि पिठातलाच रंग पिवळा उमटतो.

उडीदडाळ
म्हणजे आमचा पापडखारच की! आणि शेवयांच्या सोऱ्यातून काढल्या तर?

सानोवासी
क्षार तोच घराण्यातला, पण पापडखारात काय किती आहे हे पाकिटागणिक बदलतं, तेव्हा अंदाजाने टाकू नका. त्यापेक्षा खायचा सोडा ओव्हनमध्ये १२०-१३० अंशांवर तासभर भाजा. वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतं, उरतं ते सोडियम कार्बोनेट. झोंबतं, उघड्या हाताने धरू नका.

सोऱ्यातून गोल धागा दाबून निघतो. रामेनची शीट एकाच दिशेने लाटत नेलेली असते आणि कापल्यावर कडा चौकोनी राहतात. ती चाव दाबून काढलेल्या धाग्यात येत नाही.

भावाला म्हणावं, आधी सूप पक्कं कर. मग पट्टा काढणारं छोटं यंत्र घे, नाहीतर दुसऱ्याकडून माल घे. जपानात त्यात कोणी कमीपणा मानत नाही.

भटक्या खवय्या
बरं, मॅगी मागे घेतो. शाकाहारी माणसाला चालतील का हे नूडल?

सानोवासी
पिवळा रंग दिसला की अंडं आहे असं समजू नका, आणि नाही असंही धरून चालू नका. काही कारखाने घालतात, काही नाही. पाकीट उलटं करून घटक वाचा. सोबत सूपाची पुडी असेल तर तीही वाचा, बहुतेक वेळा मासळी किंवा हाडांचा अर्क तिच्यातच असतो.