शाळेत नवा प्रोजेक्टर आला आहे, पण चित्र वाकडं आणि फिकट दिसतं – मदत हवी आहे

वाडीतल्या_बाई

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २३, आम्ही दोन शिक्षक. वाडीतल्या मुंबईकरांनी आपसांत वर्गणी काढून शाळेला नवाकोरा प्रोजेक्टर दिला आहे. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला सगळी वाडी शाळेत जमते. त्या दिवशी मुलांनी स्वतः तो लावून काहीतरी दाखवावं, अशी माझी फार इच्छा आहे. हातात बारा दिवस आहेत.

आधी थोडं मागचं सांगते. काही वर्षांपूर्वी शाळेला असाच एक संगणक मिळाला होता. बिघडेल या भीतीने तो कपाटात कपड्याखाली झाकून ठेवला गेला आणि दोन पावसाळ्यांनंतर काढला तेव्हा सुरूच झाला नाही. मुलांनी त्याला हातही लावला नव्हता. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून सगळं नीट विचारून घेते.

प्रोजेक्टर ३एलसीडी प्रकारचा आहे. खोक्यावर ३,४०० लुमेन आणि एक्सजीए असं लिहिलंय. सोबत पॉवर केबल, निळ्या टोकांची व्हीजीए केबल आणि रिमोट मिळाला. लॅपटॉप माझा स्वतःचा, विंडोजचा. वर्ग साधारण २० फूट बाय १६ फूट, छप्पर कौलारू, मध्ये दोन काचेची कौलं.

काल पहिल्यांदा लावून पाहिला. आधी बराच वेळ निळा पडदा आणि ‘नो सिग्नल’. मग चित्र आलं, पण वर रुंद आणि खाली अरुंद. मुलांच्या बैठ्या डेस्कवर ठेवून पुढचा पाय उंच केला होता. चित्राच्या वर-खाली काळे पट्टे होते, आवाज लॅपटॉपमधूनच येत होता, आणि दिवसा तर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे, म्हणून रायगडाचे फोटो लावले होते. मुलं म्हणाली, बाई, धुकं पडलंय का तिथे?

त्यात वीज मध्येच गेली. गरम दिवा तसाच बंद झाला, त्याची मला रात्रभर काळजी लागली. दिवा फार महाग असतो म्हणतात. रोज वापरला तर किती टिकेल? आणि आमच्याकडच्या दमट हवेत हे यंत्र ठेवायचं कसं?

---

चौथीचा_मास्तर

ताई, मीही झेडपीचाच, सातारा जिल्ह्यात. तुमच्या निम्म्या अडचणी टेबलाच्या आहेत, प्रोजेक्टरच्या नाहीत.

टेबलावर ठेवायचा प्रोजेक्टर बनवतानाच असा बनवतात की सपाट ठेवला तरी चित्र लेन्सच्या पातळीपासून वर चढतं. म्हणून चित्राची खालची कड जिथे हवी, साधारण त्याच उंचीवर लेन्स पाहिजे. बैठ्या डेस्कवरून तुम्ही त्याला मान वर करायला लावली. वरच्या कडेपर्यंत प्रकाशाला जास्त अंतर जावं लागलं, तिथे तो जास्त पसरला आणि वरची बाजू रुंद झाली. डेस्कवर डेस्क चढवा किंवा शिक्षकांचं टेबल घ्या, पुढचा पाय पूर्ण आत घाला. डावी-उजवी बाजूही बघा. यंत्राचा मध्य भिंतीच्या मध्यासमोर आणू नका, लेन्स आणा. ती बऱ्याचदा एका बाजूला असते.

रिमोटवर कीस्टोन नावाचं बटण असेल, त्याने चौकोन सरळ होतो. पण ते शेवटच्या चिमूटभर दुरुस्तीसाठी ठेवा. कीस्टोन चित्रालाच आतून दाबून सरळ करतं, त्यामुळे बारीक अक्षरं फुटतात, आणि पहिलीच्या पोरांना तर अक्षरच दाखवायचं असतं.

निळ्या पडद्याचं: लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून ठेवून पी दाबा, ‘डुप्लिकेट’ निवडा. प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘सोर्स’ दाबून ‘कॉम्प्युटर’ घ्या. काळे पट्टे म्हणजे बिघाड नाही. एक्सजीए म्हणजे १०२४ बाय ७६८ ठिपके, चारास तीन असा जुन्या टीव्हीसारखा आकार, आणि लॅपटॉपचा पडदा लांबुडका. पट्टे नकोच असतील तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रेझोल्यूशन १०२४ बाय ७६८ करा. व्हिडिओला मात्र पट्टे राहू द्या, नाहीतर माणसं बारीक आणि उंच दिसतात.

व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही, फक्त चित्र जातं. एचडीएमआय केबल घ्या, दोन्ही एकाच वायरीतून जातं. ती लावल्यावर लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज प्रोजेक्टरकडे वळवावा लागतो, हे बरेच जण विसरतात. आणि कोकणातल्या पावसात प्रोजेक्टरच्या पोटातला बारका स्पीकर पुरणार नाही. परिपाठाचा स्पीकर शाळेत असेलच, तो लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात लावा.

---

वाडीतल्या_बाई

सर, मनापासून आभार. डेस्कवर डेस्क चढवून लगेच पाहिलं. चौकोन जवळजवळ सरळ आला! चौथीच्या मुलांनी भिंतीवर पट्टी लावून चारही कडा मोजल्या. उजेडाचं काय करू, ते कोणी सांगेल का?

---

पडदा_पेटी_भाड्याने

ताई, मी कोल्हापूरकडचा. लग्नाला, गणपतीला, ग्रामसभेला प्रोजेक्टर भाड्याने लावतो. उजेडाचा हिशेब समजून घ्या, तो पैशाने सुटत नाही.

प्रोजेक्टर पांढरा उजेड टाकू शकतो, काळा टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे तुमची भिंत जशी आहे तशी. भिंतीवर ऊन असेल तर काळा रंग उन्हाएवढाच उजळ दिसणार, आणि मग रायगडावर धुकंच दिसणार. म्हणून लुमेन, म्हणजे प्रोजेक्टरचा उजेड, वाढवण्याच्या आधी भिंतीवरचा उजेड कमी करायचा. त्या दोन काचेच्या कौलांना खालून पुठ्ठा लावा, काढता-घालता येईल असा. खिडकीसमोरची भिंत घेऊ नका, तिच्यावर थेट उजेड येतो. खिडकीच्या काटकोनातली भिंत घ्या. खोली अंधारी करायची गरज नाही, पोरांना वहीत लिहायला उजेड लागतोच.

दुसरं, चित्र लहान करा. सगळ्यांना भिंतभर चित्र हवं असतं. आठ फूट रुंद चित्र म्हणजे सहा फूट उंच, ४८ चौरस फूट. सहा फूट रुंद केलं तर साडेचार फूट उंच, म्हणजे २७ चौरस फूट. उजेड तेवढाच, जागा कमी, म्हणून चित्र पावणेदोन पट उजळ. २३ पोरांना सहा फूट भरपूर झालं.

अंतर किती ठेवायचं ते पुस्तिकेत ‘थ्रो रेशो’ म्हणून लिहिलेलं असतं. १.५ असेल तर रुंदीच्या दीडपट अंतर, म्हणजे सहा फुटांसाठी नऊ फूट. तुमच्या वर्गात आरामात बसतं. आधी अंतर, मग झूमची कडी, मग फोकसची. फोकस करताना फोटो लावू नका, लिहिलेलं पान लावा. आणि दिवा पेटल्यापासून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा बघा, लेन्स तापली की फोकस थोडा सरकतो.

भिंतीला पांढरा डिस्टेंपर मारा. ऑइलपेंट नको, त्याला चकाकी असते आणि मध्ये पांढरा गोळा दिसतो. सहा बाय साडेचारचा पांढरा चौकोन काढून त्याला चार बोटं काळी किनार द्या. कडा स्वच्छ दिसतात आणि टेबल रोज कुठे ठेवायचं तेही कळतं.

दिव्याचं: एकदा वीज गेली म्हणून काही होत नाही, झोप घ्या. फक्त वीज आल्यावर लगेच चालू करायला जाऊ नका. आतला दिवा पाऱ्याच्या वाफेचा, गरम असताना पुन्हा पेटत नाही. पंधरा मिनिटं थांबा. रोज बंद करताना रिमोटने बंद करा, पंखा थांबेपर्यंत बोर्डावरचं बटण बंद करू नका. चालू असताना समोर काही ठेवून उजेड अडवू नका, वस्तू तापते. मध्येच काही समजावून सांगायचं असेल तर रिमोटवरचं ए/व्ही म्यूट दाबा, चित्र आणि आवाज तात्पुरते बंद होतात. आणि पोरांना एकच नियम घालून द्या: लेन्समध्ये डोळा घालून बघायचं नाही.

---

४३_इंच

बाई, राग मानू नका, पण तेवढ्या पैशात टीव्ही आला असता. अंधार करायला नको, दिवा बदलायला नको.

---

वाडीतल्या_बाई

राग कसला, उजेडाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. कोणी नव्याने घेत असेल तर त्याने टीव्हीचा विचार जरूर करावा. पण हा घेणाऱ्यांमध्ये लालबाग-परळच्या एका खोलीत चौघं-पाच जण राहून पैसे पाठवणारी माणसं आहेत. त्यांनी विचारलं होतं, बाई, काय पाहिजे? मीच म्हटलं, मुलांना मोठं काहीतरी दाखवता यावं. आमच्या मुलांनी सिंधुदुर्ग किल्ला पाहिलाय, समुद्र रोज पाहतात. रायगड, तोरणा पाहिलेले नाहीत. सहा फुटांवर तो डोंगर थोडातरी डोंगरासारखा वाटतो.

---

वायरमन_काका

बाई, तुम्ही एक गोष्ट विचारली नाहीत, ती मी विचारतो. शाळेत अर्थिंग आहे का? बऱ्याच जुन्या शाळांत थ्री-पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. गावातल्या वायरमनला मीटरने मोजायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. तसं नसेल तर नवीन खड्डा घ्या, मीठ-कोळसा घालून. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा. केबल लावताना बोटांना झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबायचं. आणि टू-पिनचं अॅडॉप्टर लावून काम भागवू नका, मुलांचा हात लागणार आहे.

वीज जाते म्हणून यूपीएस घेणार असाल तर प्रोजेक्टरच्या मागच्या पाटीवर वॅट वाचा. असे प्रोजेक्टर ३०० वॅटच्या आसपास खातात. संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि तोही काही मिनिटंच. तेवढ्यात तास होणार नाही, पण नीट बंद करता येईल, आणि तेवढंच पाहिजे. त्यावर लॅपटॉप जोडू नका, त्याला स्वतःची बॅटरी आहे.

---

चौथीचा_मास्तर

दिव्याच्या आयुष्याचं राहिलंच. पुस्तिका बघा. अशा प्रोजेक्टरला साध्या मोडमध्ये पाच-सहा हजार तास आणि इकोमध्ये, म्हणजे दिवा मंद ठेवून, त्याहून जास्त लिहिलेलं असतं. तो आकडा बहुधा उजेड अर्ध्यावर येईपर्यंतचा असतो. आता हिशेब करा. रोज एक तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे २०० तास. पाच हजार तासांना २५ वर्षं लागतील. ताई, तुमचा दिवा वापरून संपणार नाही. बंद ठेवून, दमट हवेत यंत्र मरेल, तुमच्या संगणकासारखं. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी अर्धा-अर्धा तास चालवा, आतली ओल त्याच्याच उष्णतेने जाते.

ठेवायला झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. पण गरम यंत्र लगेच डब्यात घालू नका. भिंतीला चिकटवूनही ठेवू नका, जाळीसमोर हातभर जागा मोकळी हवी.

आणि खडू! ३एलसीडीला बाजूला हवेची जाळी असते, तिच्यामागे फिल्टर. फळ्याची धूळ त्यात बसते, पंखा गुदमरतो आणि यंत्र तापून आपोआप बंद होतं. महिन्यातून एकदा, प्लग काढून, फिल्टर मऊ ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका. डस्टर प्रोजेक्टरच्या बाजूला झटकायचं नाही.

---

वाडीतल्या_बाई

उशिरा कळवते आहे, क्षमस्व. अर्थिंग खरंच नव्हतं. गावातल्या वायरमनने एक पैसा न घेता खड्डा करून दिला. काका, तुम्ही विचारलं नसतंत तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

पांढऱ्या चौकोनाचा डिस्टेंपर पालकांनी रविवारी मारला. डेस्कच्या पायांच्या खुणा जमिनीवर रंगाने केल्या आहेत. चौथीच्या पाच मुलांच्या पाळ्या लावल्या: एक केबल, एक पुठ्ठा, एक फोकस, एक रिमोट, आणि एक पंखा थांबेपर्यंत बटणाजवळ उभा राहणार. हे शेवटचं काम सगळ्यांनाच हवं असतं.

१५ तारखेला पाऊस होता, त्यामुळे अंधार आपोआपच मिळाला. ई-बालभारतीवरून उतरवून घेतलेलं पुस्तक भिंतीवर लावलं आणि दुसरीच्या मुलीने त्यातली कविता वाचली. तिच्या आजीला वाचता येत नाही. ती पुढे येऊन भिंतीवरच्या अक्षरांना हात लावून बघत होती आणि तिच्या हातावर अक्षरं उमटत होती. वीज एकदा गेली. मुलांनी यूपीएसवर नीट बंद केला, पंधरा मिनिटं मोजली आणि पुन्हा लावला.

आता एकच प्रश्न उरलाय. दीक्षा या शैक्षणिक अ‍ॅपवरचं बरंचसं साहित्य मी मोबाइलवर उतरवून ठेवलंय. मोबाइल थेट जोडता येईल का? दुकानदार सी-टाइपची एचडीएमआय वायर घ्या म्हणतो.

---

पडदा_पेटी_भाड्याने

थांबा, घेऊ नका. सी-टाइपचं भोक असलं तरी प्रत्येक मोबाइल त्यातून चित्र बाहेर देत नाही, स्वस्तातले बहुतेक देत नाहीत. दुकानातच तुमचा मोबाइल टीव्हीला जोडून दाखवायला सांगा, चाललं तरच पैसे द्या. नाहीतर दीक्षाची वेबसाइट लॅपटॉपवर उघडा, नेट तेवढं लागेल.