कूतच्या वेढ्यातली मराठा पलटणींची मशीनगन : मॅक्झिम की व्हिकर्स?

मदत हवी आहे. पहिल्या महायुद्धात, एप्रिल 1916 मध्ये मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कूत तुर्कांच्या वेढ्यात पडलं, तेव्हा तिथल्या ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या 6 व्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या मशीनगनची लाकडी प्रतिकृती करतोय.

अडलंय ते बंदुकीची यंत्रणा ज्यात असते त्या मधल्या पेटीपाशी. मॅक्झिमच्या लॉकचा (काडतूस नळीत बसवून उडवणाऱ्या भागाचा) सांधा खाली मोडतो, म्हणून पेटी खोल. व्हिकर्सने तो उलटा बसवला, पेटी उथळ झाली आणि बंदूक बरीच हलकी. एकदा लाकूड कापलं की ही खोली बदलता येत नाही.

व्हिकर्सचं मॅन्युअल वाचलंय, फोटो भरपूर पाहिलेत, पण बहुतेक फ्रान्सच्या आघाडीवरचे किंवा 1917 नंतरचे. ते चालणार नाहीत, कारण तोवर बंदुका बदलल्या होत्या. बंदुकीची नळी थंड ठेवणारं पाण्याचं आवरण, 250 काडतुसांचा कापडी पट्टा, तिपाई यांची मापं माझ्याकडे आहेत, ती नकोत.

वाफ पुन्हा पाणी करायला डब्यात सोडणारी रबरी नळीही दाखवायची आहे. वाफेचा ढग दिसला की शत्रूला जागा कळायची, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

तर या तिन्ही पलटणींकडे वेढ्यात नेमकी कोणती बंदूक होती, आणि त्यांच्या युद्ध-डायरीत किंवा त्या काळच्या फोटोत हे कुठे पाहायला मिळेल?