मदत हवी आहे: थंडीत अँटेनाची दुसरी भुजा उघडत नाही (1यू क्यूबसॅट)

नमस्कार मंडळी,

आम्ही अभियांत्रिकीची सात मुलंमुली मिळून 1यू क्यूबसॅट बनवतोय, म्हणजे साधारण 10 सेंमीच्या ठोकळ्याएवढा छोटा उपग्रह. बाकी सगळं मार्गी लागलंय, घोडं पेंड खातंय ते अँटेनापाशी.

आमच्या रेडिओच्या 437 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 69 सेंमीच्या आसपास. डायपोलची (दोन भुजांच्या अँटेनाची) एकेक भुजा पाव तरंगलांबीची, थोडी छाटून 16.5 सेंमी. ठोकळ्याची बाजूच 10 सेंमी, त्यामुळे भुजा कोपऱ्यावरून वळवून बांधावी लागते, आणि रेल्सच्या (ठोकळ्याच्या कडांवरच्या पट्ट्यांच्या) पातळीबाहेर 6.5 मिमीपेक्षा जास्त काही आलेलं चालत नाही. भुजा मेझरिंग टेपच्या पातीच्या आहेत. तिला पन्हळीसारखा बाक असतो, म्हणून सोडली की ताडकन सरळ होते. दोन्ही भुजा वेगवेगळ्या नायलॉनच्या दोऱ्यांनी (गळाला वापरतात तो) आवळल्यात. दोरा धारकाच्या भोकातून ओवलाय आणि त्याला नायक्रोमची (वीज सोडली की तापणारी) तार टेकवलीय, 0.2 मिमी जाड, अडीच सेंमी लांब. उपग्रह सुटल्यावर 30 मिनिटं थांबायचं, मग एकामागून एक दोरे जाळायचे.

खोलीत चाळीस वेळा करून पाहिलं, चाळीसही वेळा उघडलं. 1.3 अँपिअर, चार सेकंद. निर्वात पेटीत उणे 20 अंशांना मात्र पहिली भुजा उघडते, दुसरी नाही. तीन चाचण्या, तिन्ही वेळा दुसरीच.

गंमत अशी की पेटी उघडली तेव्हा दोरा तुटलेला होता. भिंगाखाली पाहिलं तर टोकाला मोहरीएवढा वितळलेला गोळा, आणि तो भोकाच्या तोंडाशी अडकलेला. नखाने जरा टिचकी मारली आणि पाती सुटली. वर गेल्यावर ती टिचकी मारायला कुणी नसणार, या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. गुरूकडे गेलेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना 1991 मध्ये काही काड्या अडकल्या म्हणून शेवटपर्यंत पुरता उघडला नव्हता. त्यांच्याकडे निदान दुसरा छोटा अँटेना होता. आमच्याकडे हा एकच.

दोरा बदलू, की जास्त वेळ तापवू? पेटी पुढच्या महिन्यात फक्त दोन दिवस मिळणार आहे.

प्रतिसाद 1

गोळा बघितलात हे फार बरं केलंत, निम्मं उत्तर तिथेच आहे. आता दुसऱ्या भुजेचा दोरा जळताना बॅटरीचा व्होल्टेज किती होता ते बघा. थंडीत लिथियम सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यात पहिल्या भुजेने आधीच ताण दिलेला. नायक्रोमचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, म्हणजे व्होल्टेज पडला की प्रवाह तेवढाच पडणार. कमी प्रवाहात नायलॉन पटकन तुटत नाही, रेंगाळत वितळतो आणि गोळा धरतो.

पण म्हणून नुसता वेळ वाढवू नका. हवेत तारेची उष्णता वारा घेऊन जातो, निर्वातात ती मुख्यतः प्रारणाने (किरणांवाटे) जाते. तोच 1.3 अँपिअर तिथे तार कितीतरी जास्त तापवतो. बॅटरी भरलेली आणि उबदार असेल त्या दिवशी दोरा तुटायच्या आधी तारच तुटायची. स्थिर प्रवाह देणारं सर्किट लावा.

आणि ते भोक काढाच. तुटलेलं टोक कशातूनही ओढून बाहेर यावं लागता कामा नये. उघड्या खाचेत ठेवा, म्हणजे गोळा झाला तरी उचलून निघेल. तार नुसती टेकवण्याऐवजी छोट्या स्प्रिंगने दोऱ्यावर दाबून धरा. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेची रचना याच तत्त्वावर आहे, दोरा व्हेक्ट्रानचा (एक मजबूत कृत्रिम धागा). नायलॉन महिनोन्महिने ताणाखाली राहिला की सैल पडतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रतिसाद 2

एक वेगळाच मुद्दा. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ‘स्वयम्’ उपग्रहासारखं (22 जून 2016, पीएसएलव्ही-सी34 रॉकेट) चुंबकाने स्थिर ठेवणार असाल तर पोलादी टेप त्यात ढवळाढवळ करेल. बेरिलियम कॉपरची पट्टी चुंबकीय नसते. मात्र ती घासू नका, धूळ फुप्फुसाला घातक असते. टेपच ठेवणार असाल तर वरचा रंग पूर्ण खरवडा, निर्वातात त्यातून वाफा निघतात.

धागाकर्तीकडून

दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. नोंदी काढल्या: पहिल्या भुजेला 1.2 अँपिअर, दुसरीला 0.8. आम्ही नोंद ठेवत होतो पण बघत नव्हतो. उघडी खाच आज प्रिंटला टाकली. आमच्यातही चुंबकच आहे, त्यामुळे टेप बदलतोय.

एक राहिलं: स्प्रिंगने दाबलेली तार आणि अँटेनाची पाती यांच्यात किती अंतर ठेवू? दोरा जळताना तार पातीला टेकली तर शॉर्ट होईल, आणि आमच्याकडे जागा आहे जेमतेम 4 मिमी. कुणी असं बसवलं असेल तर कृपया फोटो टाका.