पानं नसलेल्या जपानी मेपल बोन्सायमध्ये नेमकं बघायचं काय?

उंबराचं_फूल
ऑफिसच्या कामाला टोकियोला गेले होते फेब्रुवारीत, तेव्हा युएनोच्या आर्ट म्युझियममध्ये कोकुफू-तेन म्हणून बोन्सायचं प्रदर्शन चालू होतं, वेळ होता म्हणून तिकीट काढून आत शिरले. पाईन, जुनिपर बघून खरंच तोंडात बोटं घातली. पण मेपल सगळे बोडके! एक पान नाही. मला मेपल म्हणजे लालभडक पानं एवढंच माहीत, आणि तिथे लोक त्या काटक्यांसमोर वाकून, मान तिरकी करून उभे. एक आजोबा तर नुसते बुंध्याकडेच बघत होते, वर बघेचनात. मीपण बघितलं, छान वाटलं, पण काय छान वाटलं ते काही सांगता येईना. यात बघतात काय? आणि पानंच नाहीत तर मेपल मांडायचाच कशाला, प्रदर्शन ऐन पानांच्या रंगात का नाही ठेवत? प्रश्न बाळबोध असेल तर हसून सोडून द्या.

काडीकातर
अहो बाळबोध कसला, कितीतरी जणांना पडतो आणि कोणी विचारत नाही. ते आजोबा अगदी बरोबर जागी बघत होते. मेपल खालून वर बघायचा. आधी बुंधा मातीला टेकतो तिथली मुळं, नेबारी म्हणतात तिला. चारी बाजूंना पसरलेली, एकमेकांवर न चढलेली, खोडातून निघून हळूहळू मातीत शिरणारी. ही आपोआप होत नाही. दर दोन-तीन वर्षांनी (झाड जुनं असेल तर अजून उशिरा) कुंडी बदलताना खाली जाणारी मुळं कापायची, बाजूची पसरून बसवायची, एखादी बाजू रिकामी असेल तर तिथे छोट्या रोपाचं भेट कलम करून (म्हणजे ते रोप मुळांसकट खोडाला चिकटवून जोडून) मूळच नवीन आणायचं. असं वर्षानुवर्षं केलं की मुळं जाड होऊन एकमेकांत मिसळतात आणि वितळलेलं मेण पसरून थिजावं तसा बुंधा तयार होतो. ट्रायडेंट मेपलमध्ये (तीन टोकांच्या पानाचा मेपलचा प्रकार) हे लवकर होतं, साध्या मोमिजीत, म्हणजे नेहमीच्या जपानी मेपलमध्ये, वेळ लागतो.

मग खोड. कोवळेपणी हिरवट नाहीतर लालसर, वय झालं की करडं-पांढरट. साल गुळगुळीत, त्यामुळे काही लपत नाही. पाईनच्या खडबडीत सालीत जुना घाव मुरून जातो, इथे दिसतोच. फांदी वळवायला गुंडाळलेली तार जरा जास्त दिवस राहिली की तिचा वळ कित्येक वर्षं जात नाही, म्हणून मेपलवाले तारेपेक्षा कात्रीवर जास्त भरवसा ठेवतात.

आणि आता खरी गंमत, काटक्या. मेपलची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे फांदी छाटली की तिथून सहसा दोन फुटवे निघतात, दोनाचे चार, चाराचे आठ. जिथे एकाच जागी तीन-चार निघतील तिथे दोनच ठेवायचे, नाहीतर ती जागा सुजून गाठ होते. वसंतात कोंब उघडला की पानांची पहिली जोडी सुटते आणि तिच्या मधोमध पुढच्या जोडीचं इवलंसं टोक दिसतं, ते चिमट्याने खुडायचं. वेळेवर खुडलं तर कांडं आखूड राहतं. चार दिवस उशीर झाला की लांबतं, आणि एकदा लांबलेलं कांडं परत आखूड होत नाही, कापूनच टाकावं लागतं. एका झाडावर अशी शेकडो टोकं असतात आणि हे दर वर्षी. अर्थात हे तयार झाडाचं काम, वाढत्या झाडाचे कोंब खुडत बसलात तर ते कायम किरकोळ राहील.

आता तुमचा प्रश्न. पानं यंदाची असतात, फांद्या कुणीतरी, कधी कधी आधी बापाने आणि मग मुलाने, घडवलेल्या असतात. पानं आली की लांबलेली कांडी, आडव्या घुसलेल्या फांद्या, सुजलेल्या गाठी, सगळ्यावर पांघरूण. म्हणून कोकुफूसारखं मानाचं प्रदर्शन (1934 ला सुरू झालंय ते) हिवाळ्यात असतं तेव्हा मेपल बोडका मांडण्यात कमीपणा नाही, उलट आहे त्या झाडाची पूर्ण परीक्षाच ती.

पानफुटी
काडीकातर, सगळं मान्य, पण तुम्ही लोक जरा जास्तच सोवळे झालायत! पानांना काय कसब लागत नाही का? देशोजो जातीचा मेपल वसंतात बघा एकदा, पालवी फुटते तीच किरमिजी लाल, असं वाटतं झाडाला आतून दिवा लावलाय, मग उन्हाळ्यात हिरवट होतो आणि शरदात परत रंगतो. त्यासमोर तुमच्या काटक्या मी दोन मिनिटं बघेन फारतर.

आणि शरदातला रंग फुकट मिळत नाही. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की दिसायला लागतो. लाल मात्र पान त्याच सुमाराला नव्याने तयार करतं, साठलेल्या साखरेतून, त्याला दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा लागतो. पण तोपर्यंत पान धड राहायला हवं ना. भर उन्हाळ्यात कोरडा वारा आणि ऊन लागलं की पानांची टोकं करपतात, आणि करपलेलं टोक रंगात येत नाही, तपकिरीच राहतं. म्हणून जपानमध्ये उन्हाळ्यात मेपलवर जाळी धरतात. नोव्हेंबरचा लाल रंग जुलै-ऑगस्टमध्ये कमवावा लागतो. शिवाय मे-जूनमध्ये पानं निबर झाली की धडधाकट झाडाची पानं कापतात, देठ तेवढे ठेवतात, ते आपसूक गळतात आणि नवी पालवी लहान येते. एवढ्याशा झाडावर पान मापात दिसतं ते त्यामुळे. अशक्त झाडावर मात्र हे करू नये, जीव जाईल त्याचा.

उंबराचं_फूल, तुम्हाला रंगातलेच मेपल बघायचे असतील तर क्योटोला नोव्हेंबरात तायकान-तेन नावाचं बोन्साय प्रदर्शन भरतं, तिकडे जा.

उंबराचं_फूल
बापरे, दोघांचेही आभार! येताना जुना कॅटलॉग आणला होता तो आता परत काढून बसलेय, फांद्या दोन-दोन फुटलेल्या खरंच दिसतायत, आधी नुसतं जाळं वाटत होतं. एक विचारू का, एका मेपलच्या खोडावर मधोमध गोल खळगा आहे, कडा जाड झालेल्या. एवढ्या मोठ्या प्रदर्शनात असा डाग चालतो? आणि पाईनच्या कुंड्या मातकट, मेपलच्या मात्र चकचकीत निळ्या नाहीतर दुधाळ, हा योगायोग का?

गप्पिष्ट_माळी
कुंडीचं मी सांगतो. योगायोग नाही. पाईन-जुनिपरला बिनझिलईची कुंडी आणि पानगळ होणाऱ्या झाडाला झिलईची, असा साधारण रिवाज आहे. पांढरट खोडाखाली फिकट निळी किंवा क्रीम कुंडी जी काय उठून दिसते! माझं मत, लाल पानांखाली लाल कुंडी ठेवणाऱ्याला दंड करावा.

जाता जाता, इंटरनेटवर निळ्या मेपलच्या बिया विकतात, निळ्या पानांच्या बोन्सायचा फोटो लावून. असा मेपल नसतो. फोटो रंगवलेले असतात, घेऊ नका.

काडीकातर
तो खळगा म्हणजे जुनी मोठी फांदी कापलेली जागा. मेपल जखमेच्या कडेने नवी साल आणत आत आत सरकतो, जखम लहान असेल तर पूर्ण मिटते, मोठी असेल तर अशी खोल राहते. चालतं का, तर कुठे आहे त्यावर. समोरच मधोमध ताजा घाव असेल तर खटकतो. पण जुना, कडा गुळगुळीत झालेला, झाडाच्या वळणाशी जुळलेला असेल तर मला तरी आवडतो. काहींना अजिबात चालत नाही, ते मिटेपर्यंत झाड बाहेर काढत नाहीत.

असल्या रिकाम्या जागी नवी फांदीपण आणता येते. त्याच झाडाची लांब कोवळी काडी पानं फुटायच्या आत खोडाला आरपार भोक पाडून त्यातून ओवतात. काडी जाड होत होत खोडात घट्ट बसते, एक-दोन हंगामांत जोडली जाते, मग मागच्या बाजूने कापून टाकायची. फांदी हवी तिथे उगवल्यासारखी दिसते, आणि झाड तेच असल्यामुळे पानातही फरक पडत नाही. कॅटलॉगमधल्या किती फांद्या अशा ओवलेल्या असतील ते फोटो बघून मलापण ओळखता येणार नाही.

पानफुटी, देशोजोबद्दल भांडण नाही. पण तोच देशोजो जानेवारीत बघ आणि मग दोन मिनिटांत उठून दाखव.

पानफुटी
उठेन. चहा थंड होतो.

काडीकातर
:) उंबराचं_फूल, परत जाणं झालं तर टोकियोजवळच्या सैतामामधलं ओमिया, बोन्सायचं गाव, चुकवू नका. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले तिकडे जाऊन वसले, 1925 पासूनचं गाव आहे. सुरुवातीला तिथे राहणाऱ्याकडे किमान दहा बोन्साय हवेत आणि घर दुमजली नको असे नियम होते! पानगळीची झाडं बघायची तर फुयो-एन नर्सरी, आणि चालत जाण्यासारखं बोन्साय म्युझियमपण आहे, 2010 ला उघडलेलं. नर्सऱ्यांमध्ये न विचारता फोटो काढू नका. आणि गुरुवार टाळा, म्युझियम बंद असतं.