स्ट्राइक ऑफ झालेल्या कंपनीचं नाव नव्या प्रायव्हेट लिमिटेडला मिळतं का?

बीजांकुर:
नाव 'अबक ॲग्रोटेक प्रायव्हेट लिमिटेड' असं धरून चला. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) मास्टर डेटात या नावाची कंपनी 'स्ट्राइक ऑफ' (नोंदवहीतून नाव काढलेली) दिसते, साल २०१८. त्या कंपनीशी किंवा तिच्या संचालकांशी काही संबंध नाही. हेच नाव मिळेल का? नाहीतर 'अबक ॲग्रोटेक्स' करून किंवा मध्ये गावाचं नाव घालून चालेल का? आणि जुन्या कंपनीची देणी नव्या कंपनीच्या गळ्यात पडतील का? स्पाइस प्लसचा (कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मचा) पार्ट ए, म्हणजे नावाचा अर्ज, भरायचा आहे, शुल्काचे हजार रुपये फुकट घालवायचे नाहीत.

फाइलिंगवाला:
हेच नाव २०३८ पर्यंत विसरा.

कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली नाव काढलेल्या कंपनीचं तंतोतंत नाव राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून २० वर्षं दुसऱ्याला देत नाहीत. २० हा आकडा उगीच आलेला नाही. कलम २५२(३) प्रमाणे ती कंपनी स्वतः, तिचा सभासद, धनको किंवा कामगार याच २० वर्षांत एनसीएलटीकडे (कंपनी न्यायाधिकरणाकडे) जाऊन तिला पुन्हा जिवंत करून घेऊ शकतो. मध्येच तुम्हाला नाव दिलं आणि उद्या जुनी कंपनी उठून बसली, तर एका नावाच्या दोन कंपन्या होतील.

'दोन वर्षांनी नाव सुटतं' हे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तो नियम लिक्विडेशन (मालमत्ता विकून देणी भागवणं) होऊन विसर्जित झालेल्या कंपनीचा. कंपनीने नुसतं नाव बदललं असेल तर सोडलेलं नाव तीन वर्षं अडकून राहतं. म्हणून 'बंद पडली' एवढ्यावर काहीच ठरत नाही, कशी बंद पडली ते बघावं लागतं. 'अंडर प्रोसेस ऑफ स्ट्रायकिंग ऑफ' दिसलं तर कंपनी अजून जिवंत आहे, तिथे हे घड्याळ सुरूसुद्धा झालेलं नाही.

तारीख एसटीके-७ नोटिशीची (नाव काढल्याचं राजपत्रात जाहीर करणाऱ्या) धरा. एसटीके-५ ही आधीची जाहीर नोटीस, ती धरून वर्षं मोजणारे चुकतात.

आणि मास्टर डेटातच चार्जेसची यादी उघडून बघा. बँकेचा बोजा अजून उघडा दिसत असेल तर २५२(३) खाली अर्ज करायला कारण असलेला एक धनको तिथे बसलेला आहे, असं समजा.

कलमबहाद्दर:
'ॲग्रोटेक्स'चा उपयोग नाही. कंपनी स्थापनेच्या नियमांतल्या नियम ८ प्रमाणे अनेकवचन, मोकळी जागा, विरामचिन्हं, शब्दांची उलटापालट, उच्चार तोच ठेवून बदललेलं स्पेलिंग, शेवटी डॉट कॉम, हे फरक धरतच नाहीत. नुसतं गावाचं नाव जोडणंही त्यातच येतं. 'अबक' इंग्रजीत लिहा नाहीतर देवनागरीत, नाव एकच.

चालू कंपनीच्या नावाशी साम्य असलं तर तिच्या बोर्डाचा ना-हरकत ठराव जोडून वाट निघू शकते. स्ट्राइक ऑफ कंपनीला बोर्डच उरलेलं नाही, मग ठराव करणार कोण? माजी संचालकाने साध्या कागदावर लिहून दिलेल्या 'ना-हरकत'ला इथे किंमत नाही, तरी लोक ती जोडतात आणि अर्ज नामंजूर होतो.

पार्ट ए मध्ये दोन नावं देता येतात. दोन्ही जागा 'अबक'च्याच दोन रूपांवर घालवू नका, दुसरं नाव पूर्ण वेगळ्या घडवलेल्या शब्दाचं द्या. सीआरसीने (नावं तपासणाऱ्या केंद्रीय नोंदणी केंद्राने) त्रुटी काढली तर दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. नामंजूर झालं तर हजार रुपये गेले. मंजूर नाव २० दिवस राखीव राहतं. आणखी २० दिवसांना हजार रुपये, त्यानंतरच्या २० दिवसांना दोन हजार, एकूण मर्यादा ६० दिवस.

देण्यांचं म्हणाल तर नाव सारखं असल्याने कर्ज येत नाही. नवी कंपनी, नवा सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), नवा पॅन. मात्र जुन्यांचा धंदा किंवा त्याचा भाग विकत घेतलात तर जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे हस्तांतरापर्यंतच्या थकबाकीला तुम्हीही जबाबदार.

बीजांकुर:
ट्रेडमार्कच्या साइटवर शोधलं. वर्ग ३१ मध्ये 'अबक' शब्दचिन्ह 'रजिस्टर्ड' आहे. मालक म्हणून कंपनी नाही, एका व्यक्तीचं नाव आहे. मुदत २०२९. कंपनीच बंद आहे तर हे चिन्हही मेलेलंच ना?

चिन्हवाचक:
नाही. चिन्ह त्या व्यक्तीचं आहे, कंपनी राहो की जावो. तुमचा खरा अडथळा हाच. नोंदलेलं, एवढंच काय, अर्ज प्रलंबित असलेलं चिन्हही नावात घ्यायचं तर मालकाची संमती लागते. म्हणजे २० वर्षं उलटली तरी हा प्रश्न उरतोच.

नजरेतून सुटून नाव मंजूर झालं, तरी स्थापनेपासून तीन वर्षांत मालक कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली प्रादेशिक संचालकांकडे अर्ज करू शकतो. आदेश झाला की नाव बदलायला तीन महिने. नाही बदललं तर कंपनीचं नावच 'ओआरडीएनसी' (आदेश पाळला नाही, अशा अर्थाची अक्षरं), आदेशाचं साल, अनुक्रमांक आणि सीआयएन असं होऊन बसतं. ते छापून बीजांची पिशवी विकून दाखवा!

शोध एका वर्गावर थांबवू नका. शेतीच्या धंद्यात बियाणं ३१, खतं १, कीटकनाशकं ५, यंत्रं ७. चारही वर्गांत बघा, आणि 'वर्डमार्क'बरोबर 'फोनेटिक' (उच्चारसाम्याचा) शोधही घ्या.

मालक भेटला तर सरळ मार्ग म्हणजे चिन्ह लेखी करारावर विकत घेणं आणि टीएम-पी फॉर्मने नोंदवहीत आपलं नाव लावणं. भेटत नसेल आणि चिन्ह सलग पाच वर्षांहून जास्त वापरात नसेल, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ४७ खाली ते काढून टाकायचा अर्ज करता येतो. त्यात अर्जाच्या लगतचे तीन महिने धरत नाहीत. तुमचा अर्ज येणार हे कळल्यावर घाईने दाखवलेला वापर मालकाच्या कामी येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

'रिमूव्ह्ड' दिसलं तरी लगेच उडी मारू नका. नूतनीकरण न केल्याने काढलेलं चिन्ह दुसऱ्याच्या अर्जापुरतं आणखी एक वर्ष नोंदवहीत असल्यासारखंच धरतात. काढण्यापूर्वीची दोन वर्षं प्रामाणिक वापर नव्हता किंवा गोंधळ होणार नाही, असं दाखवता आलं तरच सूट.

बीजांकुर:
मग प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी करून नुसतं 'अबक ॲग्रोटेक' लावलं तर?

फाइलिंगवाला:
२० वर्षांची अट कंपनीच्या नावाची आहे, तिथे ती आडवी येणार नाही. ट्रेडमार्क मात्र येईलच. पाटीवर किंवा बिलावर सवयीने 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहू नका, कंपनी कायद्याच्या कलम ४५३ प्रमाणे दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड आहे.

जुनी कंपनीच पुन्हा उभी करायची, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तुमचा तिच्याशी संबंध नाही, म्हणजे आधी एखादा जुना सभासद तयार व्हायला हवा. मग एनसीएलटीचा आदेश, तो ३० दिवसांत आरओसीकडे (कंपनी निबंधकाकडे) दाखल करणं आणि सगळ्या राहिलेल्या वर्षांचे एओसी-४ (हिशेब), एमजीटी-७ (वार्षिक विवरण). उशिराचं शुल्क दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये, म्हणजे एकच फॉर्म एक वर्ष लांबला की ३६,५००. वर्षं आणि फॉर्म मोजून गुणाकार करा. शिवाय कंपनी तीच असल्याने देणीही तीच. चिन्ह कंपनीच्या नावावर असतं तर एक वेळ विचार केला असता. इथे ते व्यक्तीकडे आहे, तेव्हा आधी त्या माणसाला गाठा. तो नाही म्हणाला तर पार्ट ए मध्ये 'अबक' लिहूच नका.